पांढरीतले गाव

आपल्या शेतकऱ्याने जमिनीचे दोन भाग मानले आहेत : काळी आणि पांढरी. काळी ही कसण्याची, पांढरी ही वस्तीची. चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, गुरांचे शेण हे पिढ्यान्‌पिढ्या एके ठिकाणी साचत गेले म्हणजे भूमीचा रंगच पालटतो. गाव उठून जाते, त्याचे नावही कोणास आठवत नाही, पण पांढर मागे राहते. ती वरून खाली थराथराने वाचीत जाणे म्हणजेच उत्खनन होय.

युरोपात अशा खोदकामात रोमन फौजेच्या छावण्या सापडतात. सरळ खंदक, तट आणि बराकींच्या रांगा यांवरून त्या सहज ओळखू येतात. आणि त्यांच्याखाली कधी कधी त्याहूनही जुन्या शेतकऱ्यांच्या नांगराचे ओरखडे दिसतात. इंग्लंडच्या उत्तरेस विंडोलांडा येथे १९७३ पासून शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या निघाल्या. वाढदिवसास यावे म्हणून एका अधिकाऱ्याच्या पत्नीने मैत्रिणीस धाडलेले आमंत्रणही त्यांत आहे.

आमच्या कन्नौदच्या बाजूस रोमन फौज कधीच आली नाही. रोमन माल मात्र या देशात आला. नेवाशास मद्यकुंभांची खापरे मिळाली आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीस समुद्रदेवाची काशाची मूर्ती मिळाली. परंतु नर्मदेकाठचे आपले धन त्याच्याही सुमारे दीड हजार वर्षे मागचे आहे.

कन्नौदच्या आग्नेयेस नेमावरला नर्मदा भेटते. तिच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की महेश्वर येते, आणि तेथील घाटासमोर पैलतीरी नावडातोली, म्हणजे नावाड्यांची वस्ती. येथे १९५२-५३ मध्ये व पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात डॉ. सांकलिया, डॉ. सुब्बाराव, डॉ. देव प्रभृतींनी पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे विद्यापीठ यांच्या वतीने उत्खनन केले.

तेथे राजाचे नाव मिळाले नाही, शिलालेख नाही. गोल आणि चौकोनी झोपड्यांच्या खांबांचे खळगे मिळाले, कुडाच्या भिंतींचा लेप मिळाला, चुन्याने सारवलेली जमीन मिळाली. लाल भांड्यांवर काळ्या रंगात हरणे व नाचणारी माणसे चितारलेली होती. तांबे थोडके होते. त्यामुळे कापण्या-खरवडण्याची कामे दगडाच्या बारीक पात्यांनी चालत, आणि ती पाती हजारोंनी पडलेली होती. सर्वांत मोलाचे म्हणजे जळलेले धान्य. आरंभीच्या थरांत गहू, नंतर तांदूळ, मसूर, मूग, वाटाणा, लाख. कोरे धान्य मातीत कुजते. कोळसा झालेला दाणा टिकतो. गाव आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, ही त्या लोकांची केवढी हानी! पण त्या राखेमुळेच साडेतीन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या ताटात काय पडत होते ते आज सांगता येते. आमच्या पाठ्यपुस्तकांत लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतात. मसुरीच्या दाण्याचा उल्लेख कोठे आढळत नाही.

तोटीच्या एका पेल्याचे इराणी भांड्यांशी साम्य पाहून हे लोक इराणातून आले असावेत, असा तर्क सांकलियांनी मांडला. त्यांचा अधिकार मोठा आहे. तरीही एका पेल्यामागून अख्खी माणसे आणणे मला घाईचे वाटते.

अशा पांढरी आज झपाट्याने नाहीशा होत आहेत. राखेमुळे ती माती पिकास मानवते, म्हणून गाड्या भरभरून ती शेतात जाते. इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात २००४ साली हरसूद गाव गेले, आणि खंडवा, हरदा, देवास या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या जमिनीही गेल्या. जे खणून नोंदले नाही, ते कायमचे गेले. हौसेने वेचणाऱ्यांचाही उपद्रव थोडा नाही. रंगीत खापर घरच्या फळीवर मांडले की ते मुके होते, कारण ते कोणत्या थरात होते हे सांगणारे कोणी उरत नाही.

उज्जैनजवळच्या कायथ्याचे दैव या बाबतीत बरे. डॉ. वाकणकरांनी १९६४ मध्ये ते स्थळ हेरले आणि पुढे डेक्कन कॉलेजनेही तेथे खोदकाम केले. नावडातोलीहूनही जुन्या थरात एका मडक्यात शंखजिऱ्याचे सुमारे ४०,००० सूक्ष्म मणी निघाले. चार हजार वर्षांत त्या मडक्यास कोणाचा हात लागला नव्हता, म्हणून ते मोजता आले.