मीठ, मोळी आणि भाकरी



फारसी नीतिकथांतील अन्न हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने निवडावा, याचे आपणांस नवल वाटले असेल. मला फारसी येत नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयांतून झाले. शिराझच्या शेख सादीचा १२५८ सालचा ‘गुलिस्ताँ’ मी भाषांतरातूनच वाचला. तरी त्यातील माणसे परकी वाटली नाहीत. खाल्ल्या मिठाला आपणही जागतो, आणि ‘नमकहराम’ हा शब्द तर फारसीच्याच वाटेने आपल्या घरी आला आहे.

या कथांत पदार्थाच्या चवीला फारसे महत्त्व नाही. घास आला कोठून आणि कोणाच्या हातून, हा तेथे खरा प्रश्न असतो. दोन कथा सांगतो.

सहाव्या शतकातील इराणचा राजा नौशेरवान शिकारीस गेला होता. मांस भाजावयास घेतले, तो मीठ नाही. नोकराला जवळच्या गावी धाडताना राजाने बजावले, मीठ फुकट आणू नकोस, किंमत दे. चिमूटभर मिठाने काय बिघडते, असे सोबत्यांनी विचारले. राजा म्हणाला, जुलूम आरंभी एवढासाच असतो; मागून येणारा प्रत्येक जण त्यात भर घालतो. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना पत्र लिहून ताकीद दिली, ती याच जातीची: दाणा, वैरण, भाजी बाजारातून विकत घ्या, रयतेला तोशीस देऊ नका.

पण ही कथा मुळशीत सांगताना मी जरा अडखळतो. १९२१ च्या रामनवमीस येथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यात पुढे होते. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटांचे धरण व्हावयाचे होते, आणि त्याखाली मावळ्यांची भातखाचरे जावयाची होती. मोबदला देऊ केला नव्हता असे नाही. मग नौशेरवानाच्या न्यायाने सारे ठीकच झाले म्हणावयाचे काय? नाही. मीठ विकणाऱ्या वाण्याला ‘देत नाही’ असे म्हणता येत होते की नाही, हे कथा सांगत नाही. मावळ्यांना तसे म्हणता आले नाही. त्यांनी म्हणून पाहिले, तेव्हा त्यांना तुरुंग मिळाला. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या हातावर ठेवलेल्या पैशाला मी किंमत म्हणत नाही. आणि त्या विजेवर चाललेल्या गिरण्यांत आमचेच कामगार बंधू राबले, हेही मला विसरता येत नाही.

दुसरी कथा हातिमताईची. त्याच्या दातृत्वाची ख्याती आपणही ऐकली आहे. एकदा त्याने चाळीस उंट कापून मेजवानी दिली. त्याच दिवशी रानात एक मोळीवाला काटक्या गोळा करताना त्याला दिसला. “हातिमच्या पंगतीला का जात नाहीस?” असे विचारता तो उत्तरला की, स्वतःच्या कष्टाची भाकरी खाणाऱ्याला हातिमचे उपकार कशाला हवेत? हातिमने त्याला आपल्याहून थोर मानले.

हा मोळीवाला मला या भागातल्या एका कारखान्यात भेटला. तेथे कायम कामगारांना कॅन्टीनमध्ये स्वस्त जेवण मिळे. कंत्राटी कामगारांना आत मज्जाव. खंडेनवमीला मात्र यंत्रांची पूजा झाली की मालकातर्फे सर्वांना जिलबी आणि मसालेभात. मीही त्या पंगतीत बसलो होतो. एक वयस्क हमाल तेवढा बाहेर झाडाखाली भाकरी सोडून बसला होता. मी बोलवायला गेलो, तर म्हणाला, “भाऊ, हे जेवण त्यांच्या मर्जीचं. मला रोजचं पाहिजे, पैसे मोजून.”

मी परत पंगतीला आलो, पण ती जिलबी घशाखाली उतरली नाही. एवढी वर्षे मी मजुरीचे आकडे मांडत होतो. ताट एक असावे, ही मागणी मला सुचली नव्हती. ती आम्ही लावून धरली आणि दीड वर्षाने पदरात पडली.

दान वाईट, असे मी म्हणत नाही. भुकेल्यापुढे प्रथम ताट ठेवावे, वाद मागून घालावा. पण वर्षातून एकदा जिलबी वाढणाऱ्या हाताला, उरलेले दिवस दार कोणी लावले, हे विचारण्याचे धैर्य आपल्यात असावे.