क्षमा आणि मर्यादा
(तालुका शिक्षक-संमेलनातील भाषण)



वर्गात एका मुलाने दुसऱ्यास मारले, की आपण दोघांस पुढे बोलावितो, हात मिळवावयास लावितो आणि ‘झाले गेले विसरून जा’ असे सांगून धड्याकडे वळतो. मीही पुष्कळ वर्षे असेच केले. एकदा मार खाल्लेल्या मुलाने निमूटपणे हात दिला. परंतु दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत येईनासा झाला. त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही मला विसरायला सांगितलंत, त्याला थांबायला नाही सांगितलंत.” माझी चूक मला तेव्हा उमगली.

दक्षिण आफ्रिकेतील डरबन बंदरात १३ जानेवारी १८९७ रोजी गांधीजी उतरले, तेव्हा गोऱ्यांच्या जमावाने त्यांच्यावर दगड व अंडी फेकली, लाथाबुक्क्यांनी मारले. पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नी छत्री उघडून मध्ये उभ्या राहिल्या, म्हणून ते बचावले. पुढे हल्लेखोरांवर खटला भरण्याविषयी सरकारने विचारले असता त्यांनी नकार दिला. मात्र दोष लोकांस चिथविणाऱ्या पुढाऱ्यांचा व सरकारचा आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. ते भिऊन परत फिरले नाहीत. हिंदी लोकांच्या हक्कांचा लढाही त्यांनी सोडला नाही. त्यांनी सूड सोडला, सत्य सोडले नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ती क्षमा त्यांनी स्वतः होऊन केली होती. कोणी करावयास लावली नव्हती. हुकमाने मिळविलेली क्षमा ही क्षमा नव्हे, ती दडपलेली तक्रार होय.

म्हणून वर्गात आपला क्रम बदलावा. प्रथम मारणे थांबवावे. मग दुखावलेल्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. त्याला दुसरीकडे बसावेसे वाटल्यास बसू द्यावे. ज्याने पाटी फोडली, त्याच्याकडून ती भरून घ्यावी. परंतु त्याच्यावर ‘वाईट मुलगा’ असा शिक्का मारू नये. क्षमा केव्हा करावयाची, हे ज्याला लागले त्याच्यावर सोपवावे. आणि मोठ्या माणसाकडून मुलाचा छळ होत असेल, तर तेथे समेटाची भाषा बोलूच नये. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांस कळविणे २०१२ च्या कायद्याने आपणांवर बंधनकारकच केले आहे.

तो मुलगा पुढे शाळेत आला. त्या दोघांची मैत्री झाली नाही. पण भीती गेली. माझ्या मते तेवढेही पुष्कळ होते.