घाणेरीचा बंदोबस्त

बोरिवली-मुलुंडकडील ज्या वसाहतींची आवारे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीस भिडलेली आहेत, तेथे कुंपणालगत घाणेरी, म्हणजेच टणटणी, हमखास दृष्टीस पडते. मूळची अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातील ही वनस्पती 19व्या शतकाच्या आरंभी, कंपनी सरकारच्या अमदानीत, शोभेखातर कलकत्त्यात दाखल झाली. पुढे तिची काळी फळे खाऊन बुलबुलांनी बीजप्रसाराचे काम बिनपगारी चालविले. फुले मोहक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही; पण अशा पसरणाऱ्या झुडपाचा बंदोबस्त करावाच लागतो.

कोयत्याने घाणेरी छाटणे म्हणजे तिची मशागत करणेच होय, कारण बुडख्यातून नवे धुमारे दुप्पट जोमाने फुटतात. दिल्लीचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी पुरस्कारिलेली युक्ती अशी, की पावसाने माती मऊ झाली असता, फांद्यांवरील आकडेदार काट्यांपासून बचावासाठी जाड हातमोजे घालून, कुदळीने बुंध्याभोवतीची माती सारावी, मुख्य मूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटीमीटरवर तोडावे, आणि झुडूप मुळे वर करून उलटे ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. हे काम फळे पिकण्यापूर्वी उरकावे. जुन्या बियांतून पुढील पावसाळ्यांत रोपे डोके काढतीलच; ती वीतभर असतानाच हाताने उपटावीत.