पोटावर हात ठेवून डॉक्टर काय शोधतात?

हेडफोन लावलाय ना? आज पोटाबद्दल बोलू. नेमकं सांगायचं तर लहान आतड्याच्या कॅन्सरबद्दल, आणि तो असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांना, हाताला, कानाला काय सापडतं त्याबद्दल.

आधी आपल्या भागातली एक गोष्ट. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली सुरू झाली ती बार्शीत, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये. तिच्यात बार्शी तालुक्यासोबत आपल्या धाराशिव जिल्ह्यातले भूम आणि परंडा हे तालुकेही होते. गावात पॅथॉलॉजी लॅब नाही, मोठं हॉस्पिटल नाही, मग पेशंट मोजायचे कसे? तर कार्यकर्ते गावोगाव फिरायचे, पारावर बसायचे, अंगावर कुठं गाठ आहे का, कुठून रक्त जातंय का असं विचारायचे आणि संशय आला की त्या माणसाला तपासणीला चला म्हणायचे. मशीन नव्हतं, प्रश्न होते. पुढं दिसलं असं, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात यायला लागल्या.

गर्भाशयमुखासाठी निदान चाचणी तरी आहे. लहान आतड्यासाठी गावभर करता येईल अशी कुठलीच चाचणी नाही. हा कॅन्सर तसा दुर्मिळ. लहान आतडं साधारण ६ मीटर लांब, मोठं आतडं जेमतेम दीड मीटर, तरी कॅन्सर कितीतरी जास्त होतो तो मोठ्यालाच. म्हणून लहान आतडं कुणाच्या डोक्यातच येत नाही. जेवल्यावर पोटात कळ येते, थोड्या वेळानं जाते. गॅस झाला, पित्त झालं, म्हणून मेडिकलवरून गोळी. पंधरा दिवसांनी परत तेच. असे महिने जातात.

आता तपासणी. चांगला डॉक्टर पोटाला हात लावायच्या आधीच बरंच बघून घेतो. खालची पापणी ओढली की आतली कड गुलाबी दिसायला हवी. पांढरी दिसली तर रक्त कमी. ही गाठ आतल्या आत थेंब थेंब रक्त गाळते, बाहेर काही दिसत नाही. आपल्याकडं बायकांमध्ये रक्त कमी असायची कारणं बरीच असतात. पण पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाचं हिमोग्लोबिन कारणाशिवाय घसरत असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवणं मला पटत नाही. रक्त जातंय कुठं, ते शोधायलाच हवं.

मग डोळ्यांचा पांढरा भाग. गाठ आतड्याच्या अगदी सुरुवातीला, पित्तनळी उघडते तिथं असेल तर कावीळ होते, अंगाला खाज सुटते. अशा वेळी नुसतं झाडपाल्याचं औषध घेत बसलं की मोलाचे आठवडे जातात. डाव्या हाडळीच्या वर, मानेच्या मुळाशी बोट फिरवून गाठ लागते का तेही बघतात. पोटातला कॅन्सर कधी कधी तिथवर पोचतो.

आता पोट. शर्ट पूर्ण वर घ्यायला सांगितलं तर लाजू नका. आधी नुसतं बघायचं असतं. आतडं पुढं अडलं असेल तर बारीक माणसाच्या कातडीखाली लाटा सरकताना दिसतात. स्टेथोस्कोप लावला की टणटण, बारीक आवाज येतात. अडथळा अगदी वर असेल तर पेशंटला हलवल्यावर अर्धी भरलेली घागर हलवल्यासारखा डबडब आवाज येतो. हातानं दाबून गाठ लागते का, ती सरकते का, यकृत मोठं आणि टणक आहे का, कुशीवर वळवून पोटात पाणी आहे का, हे सगळं बघतात. उजव्या बाजूला खाली गाठ लागली की आपल्या देशात आतड्याचा टीबीसुद्धा डोक्यात ठेवावा लागतो. दोन्ही हाताला सारखेच लागतात, म्हणून तुकडा काढून तपासल्याशिवाय औषध ठरवणं धोक्याचं.

बेंबीही बघतात. अमेरिकेत मेयो यांच्या हॉस्पिटलात सिस्टर मेरी जोसेफ नावाची नर्स होती. ऑपरेशनआधी पोट स्वच्छ करताना तिच्या लक्षात आलं, की बेंबीत टणक गाठ असलेल्यांच्या पोटात कॅन्सर पसरलेला निघतो. आजही पुस्तकात त्या गाठीला तिचंच नाव आहे. नाव डॉक्टरचं नाही, नर्सचं, हे मला फार आवडतं.

एक वेगळा प्रकार हार्मोन सोडणाऱ्या गाठींचा. त्या यकृतात पसरल्या की चेहरा मधूनच लालबुंद होतो, जुलाब लागतात, कधी हृदयाच्या झडपेचा आवाज बदलतो. आणि लहानपणापासून ओठांवर काळे ठिपके असतील, घरात अजून कुणाला असतील, तर ते डॉक्टरांना सांगा. आतड्यात गाठी होणारा एक आनुवंशिक आजार तसा दिसतो.

शेवटी गुदद्वारातून बोटानं तपासणी. सगळे टाळतात, पेशंटही आणि घाईतले डॉक्टरही. पण डांबरासारखी काळी संडास तिथंच कळते. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, म्हणून कुठल्या गोळ्या चालू आहेत ते आधी सांगायचं.

आता खरी अडचण. सुरुवातीला यातलं काहीच सापडत नाही. पोट मऊ, सोनोग्राफी नॉर्मल. तोंडातून घातलेली दुर्बीण आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते, खालून घातलेली शेवटच्या टोकापर्यंत. मधला एवढा पट्टा दोघींनाही दिसत नाही. त्यासाठी आतड्याचा खास सीटी स्कॅन किंवा कॅप्सूल दुर्बीण लागते. अडथळ्याचा संशय असेल तर कॅप्सूल अडकू शकते, म्हणून आधी सीटी. त्यामुळं घरातल्या अप्पांचं वजन उतरतंय, जेवल्यावर कळ येतेय, रक्त कमी आहे, आणि दोन्ही दुर्बिणी नॉर्मल आल्यात, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "मधलं आतडं बघितलं का?" वजन कधी किती होतं, कळ कधी येते, हे मोबाईलमध्ये लिहून न्या. तुमच्या हातात तो असतोच.

पोट फुगलंय, हिरवी उलटी होतेय, वारा सरत नाही, असं असेल तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. जाताना रेशन कार्ड आणि आधार कार्ड घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, कागदाचं ते बघतात.

तुमचे प्रश्न पाठवा, पुढच्या भागात घेऊ.