कुऱ्हाड न लावता मेलेली झाडे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत वसतिगृहाच्या प्रांगणात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत आजवर अनेक विद्वानांची व्याख्याने झाली. मी विद्वान नाही. चाळीस वर्षे बांधकामाच्या क्षेत्रात घालविलेला एक स्थापत्य अभियंता आणि याच वसतिगृहाचा जुना विद्यार्थी, एवढीच माझी ओळख. नव्या सभागृहाचे नकाशे तयार झाले आहेत, म्हणून विश्वस्तांनी मला "बांधकामावर दोन शब्द बोला" अशी आज्ञा केली. मी मात्र झाडांविषयी बोलणार आहे. हे विषयांतर नव्हे, हे थोड्याच वेळात आपल्या ध्यानी येईल.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका इमारतीचे काम माझ्या देखरेखीखाली झाले. आवारात एक जुना कडुलिंब होता. मालक मोठे भाविक. झाडाला धक्का लागता कामा नये, अशी त्यांची सक्त ताकीद होती. आम्ही ती पाळली, निदान तसे आम्हांस वाटले. कुऱ्हाड तर नाहीच, पण एक फांदीही छाटली नाही. फक्त सावली चांगली म्हणून सिमेंटची पोती तिथे रचली. खडी-वाळूचे ढीग तिथेच पडले. मिक्सर धुतलेले पाणी उताराने बुंध्याशी जात राहिले. काम संपल्यावर आवार एका पातळीत दिसावे म्हणून फूटभर मुरूम पसरून, धुम्मस करून वर फरशी घातली. गृहप्रवेशाच्या दिवशी झाड हिरवेगार होते आणि पाहुण्यांनी मालकांचे कौतुकही केले. पुढच्या वर्षी शेंड्याची पाने विरळ झाली, तिसऱ्या वर्षी एक मोठी फांदी वाळली, पाचव्या वर्षी झाड गेले. वाळवी लागली, असे सर्वांनी ठरविले. मीही मान डोलावली. वाळवी नंतर आली होती. झाड त्याआधीच मारून ठेवले होते आणि मारणारा मी होतो. हे मला उमगले ते फार पुढे, एका वृक्षतज्ज्ञाबरोबर काम करण्याचा योग आला तेव्हा.

वृक्षतज्ज्ञ म्हणजे ज्यास परदेशात आर्बोरिस्ट म्हणतात तो. माळी निराळा, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक निराळा आणि झाडे तोडून देणारा ठेकेदार तर निराळाच. एकेका उभ्या झाडाची प्रकृती तपासणे, त्याची छाटणी, आधार, मुळांचे रक्षण हा त्याचा व्यवसाय. अमेरिकेत १९२४ साली या मंडळींची संघटना स्थापन झाली आणि आज तीच परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देते. आपल्याकडे असे लोक अजून थोडेच आहेत. पण आहेत, आणि बोलाविल्यास येतात.

त्या तज्ज्ञाने पहिल्याच दिवशी माझी एक समजूत मोडली. झाड जितके वर तितकेच खाली खोल, असे चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेले असते. प्रत्यक्षात बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात. मात्र आडवी पसरून ती फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर जातात. पाणी आणि अन्न शोषणारी मुळे तर केसासारखी बारीक आणि अगदी वरच्या थरात असतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, पाणी असते. त्यावरून जेसीबी दोन-चार वेळा फिरला, खडीचा ट्रक उभा राहिला, की ती पोकळी दाबली जाते आणि वर्षानुवर्षे उघडत नाही. वर भराव टाकला तर हवा आणखी तुटते. सिमेंटचे पाणी मातीचा क्षार वाढविते. खोदकामात जेसीबीच्या दातांनी मूळ ओढले गेले, की ते चिरफाळते आणि तिथून कूज शिरते. साठविलेल्या अन्नावर झाड दोन-चार वर्षे तग धरते आणि तेवढ्यात ठेकेदाराचे शेवटचे बिलही चुकते झालेले असते. कार्य आणि कारण यांच्यात एवढे अंतर पडले, की दोष वाळवीच्या माथी जातो.

षट्लेश्यांचा दृष्टान्त आपण सर्वांनी पाठशाळेत ऐकला आहे. भुकेले सहा जण जांभळाच्या झाडाशी येतात. एकाला झाड मुळापासून तोडावेसे वाटते, दुसऱ्याला मोठी फांदी, तिसऱ्याला डहाळी, चौथ्याला घोस, पाचव्याला केवळ पिकलेली फळे. सहावा म्हणतो, खाली पडलेलीच पुरेत. मी अलीकडे विचार करतो, की या सहांत मी कोण? मला तर जांभूळही नको होते. झाडाविषयी द्वेष नव्हता, लोभ नव्हता, तोडण्याचा भाव नव्हता. केवळ लक्ष नव्हते. आपल्या शास्त्रकारांनी यासाठीही शब्द ठेवला आहे: प्रमाद. आणि निष्कारण जमीन खणणे, निष्कारण वनस्पतींचा छेद करणे यांची गणना त्यांनी अनर्थदंडात केली आहे. घर बांधताना काही आरंभ अटळ असतो, तो गृहस्थाला सुटत नाही. पण सिमेंटची पोती दहा पावले पलीकडे ठेवणे अटळ कसे म्हणावे?

आता आपल्या प्रांगणातल्या जांभळाकडे वळू. ट्रस्टच्या स्थापनेच्या वर्षी लावलेले हे झाड. त्याच्याखाली मी पाढे पाठ केले आहेत आणि, खोटे कशाला सांगू, पांढऱ्या सदऱ्यावर डाग पाडून घेऊन गृहपालांचा मारही खाल्ला आहे. परवा मी त्याचा घेर मोजला. छातीएवढ्या उंचीवर १८८ सेंटिमीटर भरला, म्हणजे व्यास ६० सेंटिमीटर. ब्रिटनमध्ये २०१२ सालचे एक मानक आहे. त्यानुसार दीड मीटर उंचीवरच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखावयाचे असते. बारा गुणिले साठ, म्हणजे ७ मीटर २० सेंटिमीटर. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १,७५० चौरस फूट होते. आपल्यापैकी काहींनी मनातल्या मनात बाजारभावाने गुणाकारही केला असेल!

नव्या सभागृहाच्या नकाशात झाड राखले आहे, त्याभोवती सुंदर पारही दाखविला आहे. परंतु सभागृहाची पूर्वेकडची भिंत बुंध्यापासून चार मीटरवर येते. पायाचा चर त्याहूनही अलीकडे येणार. शिवाय पाण्याच्या टाकीची नळवाहिनी थेट झाडाखालून नेली आहे आणि सिमेंटचा पार बुंध्याला भिडतो. नकाशा काढणाऱ्याने द्वेषाने केले नाही; कागदावर झाड म्हणजे एक हिरवा ठिपका असतो, त्याला मुळे नसतात.

वाचविले म्हणजे वाचले, असे होत नाही, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. मिरज तालुक्यातील भोसे येथला, चारशे वर्षांचा मानला जाणारा वटवृक्ष २०२० साली रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणात जाणार होता. लोक उभे राहिले, शासनाने लक्ष घातले, रस्त्याची आखणी बदलली. साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला. २०२२ साली तो वृक्ष कोसळला. एवढ्या वृद्ध झाडाच्या पडण्याला वय, वारा, पाऊस अशी अनेक कारणे असतात आणि कोणा एकावर बोट ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण तोडण्याची तारीख टळल्यावर आपण सारे घरी जातो, हे मात्र मला तेव्हा बोचले.

मग करावयाचे काय? सर्वांत महत्त्वाचे, वृक्षतज्ज्ञ नकाशा पक्का होण्याआधी यावा. इमारत उभी राहिल्यावर त्याला बोलाविणे म्हणजे तेराव्याला वैद्य आणणे. सभागृह साडेतीन मीटर पश्चिमेला सरकविता येते, हे मी मोजून पाहिले आहे. वाहनतळाची एक रांग कमी होईल. तेवढे जमणार नसेल, तर त्या बाजूला सलग चर न खणता सुटे पाइल घेऊन त्यांवर जमिनीच्या वरून तुळई टाकता येते. खर्च थोडा वाढेल, पण काम सुरक्षित होईल. नळवाहिनी वळसा घेईल. पहिली वीट येण्याआधी वर्तुळाभोवती पत्र्याचे पक्के कुंपण घालावे; दोरी चालत नाही, बिगारी ती रात्रीतून सोडून कपडे वाळत घालतात. कुंपणाच्या आत साहित्य नाही, वाहन नाही, मजुरांची चूलही नाही. जमिनीवर पाल्याचे तीन-चार इंच आच्छादन असावे, बुंध्यापासून थोडे दूर. मूळ आडवे आलेच तर माणसाने हाताने खणावे आणि करवतीने स्वच्छ कापावे. जखमेवर डांबर किंवा रंग फासण्याची आपली जुनी पद्धत सोडावी. अमेरिकेतील अलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखविले, की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंत बांधते. रंगाने त्या कामात मदत होत नाही.

कायद्याचे एक वाक्य सांगून हा भाग आवरतो. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात "झाड तोडणे" याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला आहे. आपल्या जांभळाने तो याच वर्षी मिळविला. ट्रस्टबरोबर त्याचाही सुवर्णमहोत्सव आहे.

विश्वस्तांनी अजून निर्णय घेतलेला नाही आणि वाहनतळाची रांग कमी होणे पुष्कळांना गैरसोयीचे वाटेल, हे मी जाणतो. वृक्षतज्ज्ञ पुढच्या रविवारी सकाळी येणार आहेत. त्यांचे शुल्क मी देणार आहे, तेवढे प्रायश्चित्त मला करू द्यावे. त्या कडुलिंबाचे ऋण आहे. आज दुपारी दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी जांभळाभोवती ७ मीटर २० सेंटिमीटरवर खुंट्या मारून सुतळी बांधली आहे. चुन्याची फक्की टाकणार होतो, पण चुनाही मुळांना बाधतो, म्हणून सुतळी. अल्पोपाहाराला जाताना आपण त्या वर्तुळाच्या कडेने एक फेरी मारावी आणि सभागृहाची भिंत कुठे येते ते स्वतः पाहावे. तिथे मी लाल खुंटी रोवली आहे.

जय जिनेंद्र.