भाड्याची खोली
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, 'तू आयटीत आहेस, संगणकावर काहीतरी बोल.' पण संगणकावर बोलणारे आता घरोघरी आहेत. मी बोलणार आहे भाड्याच्या खोलीवर. आपल्या बॅचमधले कितीतरी जण लातूर सोडून पुण्या-मुंबईला गेले आणि बहुतेकांची सुरुवात भाड्याच्या खोलीतच झाली. आता आपली मुलं, भाचे-पुतणे त्याच रांगेत उभे आहेत.

नांदेडला इंजिनिअरिंग पूर्ण करून मी पुण्यात आले, तेव्हा घरून सगळ्यात आधी पगार विचारला नाही. विचारलं, 'राहायची सोय काय?' मुलगा असेल तर मित्राच्या खोलीत गादी टाकून महिना काढतो. मुलीची सोय झाली नाही, तर हातातल्या नोकरीवर पाणी सोडावं लागतं. म्हणून मी म्हणते, खोली हा किरकोळ विषय नाही.

परवडणारी वस्ती शोधायची कशी? आपल्याकडून रात्री निघालेल्या ट्रॅव्हल्स सकाळी पुण्यात जिथे जिथे रिकाम्या होतात, तिथे आजूबाजूला आपली माणसं राहतात. काळेवाडी, थेरगाव, पिंपळे गुरव, सांगवी, भोसरी या भागांत मराठवाड्याची बोली रोज कानावर पडते. तिथे भाडं कमी असण्याला कारण आहे. गुंठा-दोन गुंठ्यांवर बांधलेली घरं, तळमजल्यावर मालक आणि वर भाड्याच्या खोल्या. लिफ्ट नाही, पार्किंग नाही, सोसायटीचा मेंटेनन्स नाही. या सोयी नकोत त्याने त्यांचे पैसे का भरावेत?

पण नुसतं भाडं बघू नका. समजा, हिंजवडीत नोकरी आहे. माण किंवा नेरे गावाकडे एखादी खोली दोन हजारांनी स्वस्त मिळाली, पण तिथून ऑफिसला जायला एका वेळचे साठ रुपये रिक्षाला लागले, तर महिन्याच्या चोवीस दिवसांचे झाले दोन हजार आठशे ऐंशी. म्हणजे स्वस्त खोली आठशे ऐंशी रुपयांनी महाग पडली. हा हिशेब पाचवीच्या गणिताचा आहे, आणि तो आपल्याला याच शाळेत शिकवला आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तरी पुण्यात खोली बघताना आपली पोरं खिडकीतून दिसणारा देखावा बघतात आणि नळ सोडून बघत नाहीत. पाणी किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतं, हे मालकाला विचारू नका. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंना विचारा. खरं उत्तर तिथे मिळतं.

तिसरी गोष्ट कागदाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. तसा करार नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं असल्याचं मालकाला सिद्ध करावं लागतं. ही नोंदणी आता ऑनलाइनही होते. डिपॉझिट रोख देऊन पावती न घेता परतणाऱ्या प्रत्येक मुलाला हे माहीत असायला हवं.

आता जरा अवघड जागेचं बोलते. मी आणि माझी एक मैत्रीण मिळून खोली शोधत होतो. दोघी एकाच कॉलेजच्या, एकाच कंपनीत, पगारही सारखा. एका मालकीणबाईंनी आमची गावं विचारली, चहा दिला. मग आडनावं विचारली. माझं आडनाव ऐकून मान डोलावली. तिचं ऐकल्यावर म्हणाल्या, 'खोली आम्हाला घरातच लागणार आहे.' आम्ही चहाचे कप ठेवून उठलो. पुढची खोली मिळायला अकरा दिवस लागले आणि ती महागही मिळाली. हे मी तिला विचारून सांगते आहे. ती म्हणाली, 'सांग, पण माझं नाव नको. मला अजून घर बदलायचं आहे.'

मित्रहो, वीस वर्षांनंतरचं हे वाक्य आहे. स्वस्त वस्ती कोणती, हे सगळ्यांसाठी सारखं नसतं. एकीला पहिल्या दारात मिळतं तेच भाडं दुसरीला दहाव्या दारात मिळतं, आणि मधल्या नऊ दारांचा खर्च कुठल्या करारात लिहिलेला नसतो.

हे पुण्याचं झालं. आपल्या लातुरात काय चाललंय? 'लातूर पॅटर्न' राज्यभर गाजला आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं इथे आली. उद्योग भवनाच्या परिसरात गल्लोगल्ली कॉट बेसिसच्या पाट्या आहेत. नांदेडला भाग्यनगर, श्यामनगरकडे तेच चित्र. या सभागृहात बसलेल्या कित्येकांच्या घरावर एक मजला चढलाय तो या मुलांच्या भाड्यावर. त्याचा मला आनंदच आहे. पण पुण्यात जे प्रश्न ऐकून आपण दुखावलो, तेच प्रश्न आपल्या जिन्यात उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला विचारले जात असतील, तर आपण शहरातून नेमकं काय शिकून आलो?

म्हणून दोन मागण्या करते. पुण्या-मुंबईत असलेल्यांनी नव्या मुलांना एजंटचा नंबर देऊन मोकळं होऊ नये; एक रविवार सोबत फिरून वस्ती दाखवावी. आणि इथे ज्यांच्या खोल्या आहेत, त्यांनी करार करावा, डिपॉझिटची पावती द्यावी आणि आडनावाच्या आधी एवढंच विचारावं, 'बाळ, जेवलीस का?'

आमच्या वर्गात गुरुजींनी हजेरी नेहमी नंबराने घेतली. आडनावाने कुणाची जागा बदलली नाही. तेवढं आपण आपल्या घराच्या दारात सांभाळू या.