निराधारांची सेवा : अन्नपुण्यापासून नमस्कारपुण्यापर्यंत

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



एखाद्या धर्मादाय संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा तिचा ताळेबंद दोन प्रकारे मांडता येतो. पहिला प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. वास्तू किती उभ्या राहिल्या, कायम निधी किती झाला, सभासद किती वाढले, हे त्यात येते. दुसरा ताळेबंद वहीत मावत नाही. ज्याला या गावात कोणीही नव्हते, त्याला या संस्थेमुळे कोणी मिळाले काय, एवढा एकच प्रश्न त्यात असतो. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी या दुसऱ्या ताळेबंदाचा विचार व्हावा, हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे.

पाथर्डी परिसराला या विचाराचा वारसा आहे. आचार्यसम्राट पूज्य श्री आनंदऋषीजी म. सा. यांचा जन्म १९०० साली याच तालुक्यातील चिंचोडी येथे झाला आणि १९१३ साली याच तालुक्यातील मिरी येथे त्यांची दीक्षा झाली. गुरुदेव पूज्य श्री रत्नऋषीजी म. सा. यांच्या प्रेरणेने १९२३ साली पाथर्डीत श्री तिलोक जैन पाठशाळा सुरू झाली. पुढे १९३६ साली धार्मिक परीक्षा बोर्डाची स्थापना झाली. अवर्षणप्रवण, खडकाळ आणि दळणवळणाच्या दृष्टीने मागे राहिलेल्या या भागात त्या काळी ज्ञानदानाचे रोप लावले गेले. त्याचा वटवृक्ष झालेला आपण पाहतो आहोत. आचार्यश्रींच्या १९९२ मधील महाप्रयाणानंतर त्यांच्या नावाने नगर येथे जैन सोशल फेडरेशनने उभारलेले रुग्णालय अल्प दरात उपचार देते आहे. ज्ञान आणि आरोग्य या दोन क्षेत्रांत समाजाने मागे वळून पाहिले नाही. आता दृष्टी वळवायची आहे ती अशा माणसाकडे, जो शाळेच्या दारापर्यंत पोहोचत नाही आणि रुग्णालयाच्या दारापर्यंतही पोहोचत नाही. कारण त्याला तेथे घेऊन जाणारे कोणी नसते.

स्थानांगसूत्रात पुण्याचे नऊ प्रकार सांगितले आहेत. पाठशाळेत बसलेल्या प्रत्येक बालकाला ते मुखोद्गत असतात. अन्नपुण्य, पानपुण्य, लयनपुण्य, शयनपुण्य, वस्त्रपुण्य, मनपुण्य, वचनपुण्य, कायपुण्य आणि नमस्कारपुण्य. अन्न, पाणी, निवारा, अंथरूण आणि वस्त्र ही पहिली पाच. बेघर माणसाच्या गरजांची यादी आजच्या एखाद्या समाजशास्त्रज्ञाने केली, तरी ती याहून फार वेगळी होणार नाही. या क्रमाकडे थोडे लक्ष दिले, तर आणखी एक गोष्ट जाणवते. पहिली पाच पुण्ये द्रव्याच्या साहाय्याने घडू शकतात. उरलेली चार मात्र द्रव्याने घडत नाहीत. मन, वाणी, देह आणि नम्रता ही स्वतःचीच द्यावी लागतात. निराधारांच्या सेवेचे सारे मर्म आणि सारी कठीणता या शेवटच्या चारांत आहे.

याचे जिवंत उदाहरण पाहण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. नगर-मनमाड रस्त्याजवळच्या शिंगवे नाईक या गावी डॉ. राजेंद्र धामणे आणि डॉ. सुचेता धामणे या डॉक्टर दांपत्याने चालविलेले माऊली सेवा प्रतिष्ठान आहे. १९९८ साली या संस्थेची स्थापना झाली. आरंभीचे कार्य अत्यंत साधे होते. घरी अन्न शिजवायचे, डबे भरायचे आणि रस्त्याच्या कडेला पडलेल्या निराधार, मनोरुग्ण माणसांना नेऊन द्यायचे. हे अन्नपुण्य झाले. अनेक संस्था येथेच थांबतात आणि त्यात गैर काही नाही. परंतु जो रोज त्याच माणसाकडे डबा घेऊन जातो, त्याला हळूहळू डब्यापलीकडचे दिसू लागते. जखम चिघळलेली दिसते, अंगावर वस्त्र नाही हे दिसते, आणि त्या माणसांत एखादी स्त्री असेल तर रात्री तिचे काय होत असेल हा विचार झोपू देत नाही. मानसिक तोल गेलेली स्त्री रस्त्यावर असते तेव्हा तिला स्वतःचे रक्षण करता येत नाही आणि झालेला अत्याचार सांगताही येत नाही. म्हणून या दांपत्याने अशा स्त्रियांसाठी कायमचे घर उभे केले. आज शेकडो स्त्रिया तेथे राहतात. काही गर्भवती अवस्थेत आल्या, काहींना एचआयव्हीची बाधा झालेली होती. तेथे जन्मलेली बालकेही आपल्या आईजवळच वाढतात.

या कार्याचा प्रवास जणू त्या नऊ पुण्यांच्या क्रमानेच झालेला दिसतो. अन्न आणि पाणी प्रथम आले; मग निवारा, अंथरूण आणि वस्त्र आले. पण खरे काम त्यानंतर सुरू झाले. अनेक महिने स्नान न झालेल्या, केसांच्या जटा झालेल्या, जवळ जाताच ओरबाडणाऱ्या व्यक्तीला स्वच्छ करणे हे कायपुण्य आहे. तिच्या असंबद्ध बोलण्याला रोज तितक्याच शांतपणे उत्तर देणे हे वचनपुण्य आहे. आणि जिला रस्त्यावर सर्वांनी 'वेडी' म्हणून हाकलले, तिला 'माऊली' या शब्दाच्या छत्राखाली आणणे हे नमस्कारपुण्याहून वेगळे काय आहे ? ज्ञानोबांच्या नेवाशाचा हा जिल्हा आहे. 'माऊली' या शब्दाचे वजन येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

नगर शहरातील दुसरी संस्था म्हणजे स्नेहालय. १९८९ साली गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देहविक्रयाच्या वस्तीतील स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्यासाठी हे कार्य सुरू केले. समाजाने ज्यांच्याकडे पाहणेही टाळले, त्यांच्या मुलांना तेथे घर आणि शिक्षण मिळाले. मुंबईत १९८८ साली डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे कार्य आरंभिले. गटाराचे पाणी पिणारा एक तरुण त्यांनी उपचारासाठी आणला. बरा झाल्यावर तो पदवीधर निघाला. रस्त्यावरील मनोरुग्णांना उपचार देऊन त्यांच्या घरी पोहोचविण्याच्या या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार प्राप्त झाला. रस्त्यावर बडबडत फिरणारा माणूस कोणाचा तरी पुत्र, कोणाची तरी भगिनी असते आणि औषधोपचाराने तिला स्वतःचे नाव, गाव पुन्हा आठवू शकते, हे या कार्याने सिद्ध केले.

येथे एक कटू सत्य सांगणे प्राप्त आहे. स्मृती परत आलेला पुरुष घरी गेला, तर बहुधा त्याचे स्वागत होते. स्त्रीच्या बाबतीत मात्र घरचे दार अनेकदा उघडत नाही. इतके दिवस ती कोठे होती, हा प्रश्न तिच्या आजाराहून मोठा होतो. माहेर सासरकडे बोट दाखविते आणि सासर माहेराकडे. म्हणून पुनर्वसनाचा अर्थ सर्वत्र घरी पोहोचविणे असा होऊ शकत नाही. जिला घर परत घेत नाही, तिला कायमचे घर देणारे कोणीतरी असावे लागते. औषधांचेही तसेच आहे. मनोविकाराच्या औषधांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात आणि ती मध्येच सोडली तर आजार उलटतो. अन्नदान एका दिवसात पूर्ण होते, औषधदानास वर्षे लागतात.

आता पाथर्डीकडे वळू. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर माणसे नोंदली गेली. ही संख्या महानगरांची आहे, आपल्यासारख्या गावाचा तिच्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या तालुक्यातील निराधार वेगळ्या रूपात भेटतात. दिवाळीच्या सुमारास येथील वाड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीसाठी कोयते बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ते गुढीपाडव्याच्या आसपासपर्यंत कारखान्यांच्या फडावर राहतात. मागे राहतात म्हातारे आई-वडील आणि कधी कधी नातवंडे. छप्पर डोक्यावर असूनही चार-पाच महिने ही वृद्ध माणसे निराधारच असतात. आजारी पडले तर दवाखान्यात नेणारे कोणी नाही, दृष्टी गेलेली, चूल पेटवण्याची शक्ती नाही. दुसरे असे की, तालुक्यात मोहटादेवी आणि मढीच्या कानिफनाथांसारखी मोठी देवस्थाने आहेत आणि गावातून महामार्ग जातो. जेथे यात्रा भरते तेथे गर्दी ओसरल्यावर काही माणसे मागे उरतात. काही चुकलेली असतात, काही मुद्दाम सोडून दिलेली असतात. बसस्थानकाच्या कोपऱ्यात त्यांचे गाठोडे दिसते.

अशा वेळी स्थानिक ट्रस्टने काय करावे ? प्रत्येक गावाने माऊलीसारखा प्रकल्प उभारावा, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. अशा कार्यास आयुष्य वाहून घेणारी माणसे लागतात. परंतु बसस्थानकावरील ती व्यक्ती आणि तिला सांभाळू शकणारी संस्था यांच्यामध्ये जे अंतर असते, ते भरून काढणे स्थानिक ट्रस्टला निश्चित शक्य आहे. बहुतेक माणसे या अंतरातच दगावतात.

यासाठी कायद्याची थोडी माहिती असावी. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. त्यातील कलम १०० नुसार, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती हद्दीत भटकताना आढळल्यास तिला संरक्षण देणे हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत शासकीय आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावे लागते. ती बेघर असल्यास हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यावा लागतो. हा कायदा ठाऊक असलेले गावातील दोन प्रतिष्ठित नागरिक रात्री पोलीस ठाण्यात सोबत गेले, तर काम किती सुकर होते हे सांगण्याची गरज नाही. बालकांसाठी १०९८, ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे दूरध्वनी क्रमांक स्थानकाच्या फलकावर, किराणा दुकानात आणि औषधांच्या दुकानात लिहिलेले असावेत. आपल्या समाजाची दुकाने बाजारपेठेत मोक्याच्या जागी आहेत. रस्त्यावर काय चालले आहे, हे दुकानदाराच्या नजरेतून सहसा सुटत नाही. ही नजर सेवेच्या कामी आली पाहिजे.

दुसरे काम कागदपत्रांचे आहे. संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ या योजना शासनाच्या आहेत. तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. परंतु जो खरा निराधार आहे, त्याच्याकडे शिधापत्रिका नसते, उत्पन्नाचा दाखला नसतो, बँकेचे खाते नसते. हिशेब आणि कागद हा तर आपल्या समाजाचा वंशपरंपरागत गुण आहे. निवृत्त झालेल्या एखाद्या श्रावकाने आठवड्यातील एक दिवस तहसील कार्यालयासाठी राखून ठेवला आणि वर्षभरात दहा वृद्धांचे अनुदान सुरू करून दिले, तर एका मोठ्या भोजनसमारंभापेक्षा ते पुण्य दीर्घकाळ पुरेल.

तिसरे काम श्राविकांनी आणि युवकांनी करण्याजोगे आहे. ऊसतोडीच्या हंगामात ज्या वस्त्यांवर वृद्ध एकटे राहतात त्यांची यादी करावी. आठवड्यातून एकदा जाऊन औषधे संपली काय, ताप आहे काय, एवढे पाहावे आणि घटकाभर बसून बोलावे. मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत; २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या पाल्यांसाठी शासकीय वसतिगृह योजनाही आली. आपल्या वस्तीतील मूल तेथे पोहोचले की फडावर गेले, हे विचारणारा कोणी असला तर पुष्कळ फरक पडतो.

दानाविषयी एक शेवटचा विचार. स्थानांगसूत्रातच दानाचे दहा प्रकार दिले आहेत. त्यात अनुकंपादान पहिले आहे. पण त्याच यादीत भयाने दिलेले, लाजेने दिलेले आणि गौरवासाठी दिलेले दानही आहे. शास्त्रकारांना माणसाचे मन पूर्ण ठाऊक होते. नामफलकासाठी दिलेल्या देणगीनेही इमारत उभी राहते, तिचा उपयोगही होतो, म्हणून तिची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु रस्त्यावरील मनोरुग्णाच्या सेवेवर फलक लावता येत नाही. ती व्यक्ती आभार मानत नाही, बहुधा ओळखतही नाही. फोटो काढला तर तिचा अपमान होतो. येथे गौरवदानाला जागाच नसल्याने ही सेवा अनुकंपेची खरी परीक्षा पाहते. मुक्या जीवांसाठी पांजरपोळ चालविणाऱ्या समाजाला आभाराची अपेक्षा न ठेवता सांभाळ करण्याची सवय मुळातच आहे. तीच सवय, बोलता येत असूनही जिचे कोणी ऐकत नाही अशा मानवी जीवापर्यंत नेणे एवढेच बाकी आहे.

या ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांच्या इतिवृत्तात वास्तूंची नोंद अवश्य असावी. त्याचबरोबर एक साधी वही कार्यालयात ठेवली जावी. वर्षभरात किती निराधार व्यक्तींना योग्य संस्थेपर्यंत पोहोचविले, किती वृद्धांचे अनुदान सुरू झाले, किती जणांना त्यांचे घर सापडले आणि कोणाचा पाठपुरावा अपुरा राहिला, हे तीत लिहिले जावे. नाव देणाऱ्याचे नको. केवळ कामाची तारीख पुरे. वार्षिक सभेत जमाखर्चासोबत ती वहीही वाचली जावी.